पालथा हात

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मे महिन्यात
पत्र्याखाली सेहेचाळीस असतं.
मानकाच्या पुस्तकात लिहिलंय, भोवतालचं तापमान चाळीस धरावं.
पोतनीसकाका म्हणायचे, ज्याने धरलं
त्याला एकदा पाठवा इथे, दुपारी दोनला.

माझ्या आधी या टेस्टबेंचवर ते होते.
लोड म्हणजे तेव्हा लोखंडी ढोल, ढोलावर पट्टा,
पट्ट्याला ताणकाटा,
आणि ढोल तापला की वर डब्याने पाणी.
त्या वाफेत उभे राहून ते मोटर चालवायचे
चार तास, कधी सहा,
आणि दर अर्ध्या तासाने जवळ जाऊन
पालथा हात टेकवायचे तिच्या अंगाला.
पालथाच.
करंट उतरला असेल तर सुलटा हात मुठीत धरून बसतो,
पालथा झटकला जातो.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं मला,
मग सेव-उसळ खायला घेऊन गेले.

एक, बे, त्रण...
दांडिया बाजारात घरी दुधाचा हिशेब मराठीत करणारा माणूस
मोटरपाशी गुजरातीत मोजायचा.
दहापर्यंत हात टिकला तर पास.
सातला निघाला तर वहीत फुली.
चारला निघाला की वाइंडिंगच्या हसमुखला हाक,
आणि पुढचं मी इथे लिहीत नाही.

आता ढोल नाही. पाणी नाही.
दोन मोटरी समोरासमोर, शाफ्टला शाफ्ट.
एक ओढते, दुसरी ओढली जाते
आणि ओढली जाता जाता वीज परत करते.
मीटरवर पडते ती फक्त
दोघींची झीज.
मी वाइंडिंगमध्ये, वार्निश चढण्याआधी,
केसाइतक्या बारीक अकरा तारा पेरल्या,
अकरा ठिकाणचा ताप पडद्यावर बघायला.

ड्रॉइंग म्हणत होतं, सगळ्यात गरम मधोमध.
निघाली नववी तार.
पंख्यापासून लांबचं टोक, टर्मिनल बॉक्सच्या डावीकडे चार बोटं:
बॉक्स फिन्स अडवतो,
आणि वारा तिथवर पोचेपर्यंत दमलेला असतो.
मी बॉक्स दोन इंच सरकवला, मागे फिन्स तिरप्या कापल्या.
नऊ अंश उतरले.
त्या रात्री घरी जाताना स्कूटरचा स्टँड काढायचा राहिला.

मग एकदा फडकं शोधताना
कोपऱ्यातली जुनी पाच हॉर्सपॉवर दिसली,
रोजच्या वापरातली, काकांच्या काळची.
हिरवा रंग सगळीकडे शाबूत.
फक्त डावीकडे, चार बोटं सोडून,
पंजाएवढा रंग गेलेला.

पेटंटच्या अर्जात एक रकाना असतो:
या शोधापूर्वी काय ज्ञात होतं?
दोन जर्मन पेटंटं लिहिली, तीन निबंध,
आणि शेवटी एक ओळ.
अलकापुरीतले वकील म्हणाले, बेन,
हाताचा पुरावा काय देणार?
ओळ खोडली. नीट, पट्टी धरून.

काका बघायला आले दिवाळीनंतर,
स्वेटर घालून, काठी घेऊन.
पडदा बघितला, आलेख बघितले, चहा नको म्हणाले.
मग पुढे झाले आणि सवयीने
पालथा हात ठेवला, डावीकडे.
मोजलं नाही.
हात तिथेच.
दहा झाले असतील, पंधरा झाले असतील,
मी धावून मनगट धरलं तेव्हा बोटं लाल झालेली.

साखरेने संपवलं गं, म्हणाले,
आता काही कळत नाही हाताला.
किती आहे?

मी पडद्याकडे वळले. नववी तार.
एकशे चार, म्हटलं. बाहेरून सत्तरच्या आसपास.

ते ओठ हलवत राहिले थोडा वेळ.
पांच, म्हणाले.
पांचला काढला असता मी.