पाच धर्मीबाई

घणसोली गावात, तळ्यामागच्या गल्लीत
चौदाव्या प्रश्नाशी धर्मीबाई मढवी थांबली.
गेल्या वेळी मत कुणाला?
तिनं आधी आतल्या खोलीकडे पाहिलं, मुलगा जेवत होता,
मग सुपातल्या जवळ्याकडे.
"साडेबारा टक्क्यांचा प्लाट भेटला का,
ते नाय इचारलंस गो."
ते प्रश्नावलीत नव्हतं.
मी नव्व्याण्णव टाकलं. नव्व्याण्णव म्हणजे उत्तर नाकारलं.

रात्री सेक्टर सातच्या खोलीवर प्रतिगमन चालवलं.
अपूर्ण ओळी वगळल्या: दोनशे सतरा.
तिचं वय, तिची चौथी, भरलेली तेरा उत्तरं,
सगळं एका ओळीसकट गेलं.

कर्णिक मॅडम फोनवर म्हणाल्या, वगळू नकोस, भर.
एकदा नाही, पाचदा.

म्हणून आता माझ्याकडे पाच धर्मीबाई आहेत.
पाचही बासष्टच्या, पाचही चौथी शिकलेल्या.
पहिली सत्ताधाऱ्यांची, दुसरीही,
तिसरी नि चौथी विरोधकांच्या,
पाचवी त्या दिवशी घराबाहेरच पडली नाही.
त्यांच्यातलं अंतर
प्रमाण त्रुटीत मिळवायचं असतं.
मिळवलं.
गुणांकाच्या डोक्यावरची चांदणी विझली.

चालेल, मॅडम म्हणाल्या, तळटीप दे.

तळटीप अर्धीच आहे.
शनिवारी परत जाईन म्हणते,
मुलगा कामावर असेल तेव्हा.
काय विचारायचं ते ठरलेलं नाही.
टॅबच्या कव्हराला अजून
जवळ्याचा वास येतोय.