धैर्यवानबाईंची काच

गाडी साठ वर्षांची. बाई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या.
माझगावला आमच्या शेडमध्ये स्वतः चालवत आणली,
डोक्याला रुमाल, हातात एकच बांगडी,
आणि म्हणाल्या, "हिला वरखाली होणाऱ्या काचा बसवायच्यात."

मकबूल उस्ताद हसला नाही.
चाळीस वर्षं पत्रा ठोकतोय, एक कान त्यात गेला.
त्याला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.

उघडी गाडी. छप्पर कापडाचं,
दारं एवढीशी, वरून खोलगट कापलेली,
साहेबांचं कोपर बरोबर बसावं अशी.
तिथला हिरवा रंग उडून खालचा तांबडा प्रायमर दिसायचा.
पावसापुरते डिकीत दोन पडदे, सेल्युलॉइडचे,
लोणच्याच्या तेलासारखे पिवळे.

मी म्हटलं, बाई, हिला काच म्हणजे होडीला जिना.
क्लबातले एक कॅप्टन कार्बोरेटर घेऊन आले होते,
ते म्हणाले, "पाप आहे हे. किंमत निम्मी होईल."
"विकतंय कोण?" बाई म्हणाल्या.

मग स्टुलावर बसून, चहा निवेपर्यंत, मला एकट्याला:
"हे होते तेव्हा मी शेजारी बसायचे. वारा खायचे.
आता मी चालवते.
पेडर रोडच्या सिग्नलला बाइकवाला वाकतो,
थेट स्टिअरिंगला हात लावतो. आजी, कितीची?
एकाने मांडीवर पत्रक टाकलं, नेरळच्या प्लॉटचं.
दार आहे रे हिला, पण ही गाडी नाही, ओटा आहे.
मला कडी हवी."

कडी. मापाच्या वहीत मी हाच शब्द लिहिला,
इंच नंतर.

कुर्ल्याच्या भंगारात एक पद्मिनी भेटली.
टॅक्सी. मीटरची जागा रिकामी, डॅशबोर्डवर
चिकटवलेल्या देवाचा फक्त डिंक उरलेला.
दोन्ही दारांची यंत्रं काढली, दातेरी चक्रं, कात्रीसारखे हात,
आणि हँडलं. त्यांची काळी बोंडं
परक्या तळहातांनी इतकी गुळगुळीत केलेली
की स्क्रू काढताना माझाच हात तिथे जरा थांबला.
कुणी विमानतळाला निघालेलं, कुणी केईएमला.

दारात जागा चार बोटं. यंत्र साडेचार.
उस्ताद तीन दिवस त्या अर्ध्या बोटाशी भांडला.
चौथ्या दिवशी कोपराची खाच भरायची होती.
हातोडी खाली ठेवून म्हणाला, आधी बाईंना विचार.

बाई आल्या. सीटवर बसून खाचेत हात टेकवून पाहिला.
त्यांचं कोपर तिथे पोचतच नव्हतं.
"भरा," म्हणाल्या.

भायखळ्याचा काचवाला पुठ्ठ्याचा साचा फिरवत बोलला,
"टफन झाल्यावर कापता येत नाही हं.
काय कमीजास्त करायचं ते भट्टीच्या आधी."
"मला कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.
"आता सांगितलं ना," तो म्हणाला,
आणि पेन्सिल कानावर ठेवली.

शनिवारी बसल्या काचा.
फेल्टची पट्टी नवी, म्हणून थोड्या कुरकुरतात.
साडेपाच फेऱ्यांत वर.
बाई आत गेल्या, छप्पर ओढलं,
डावी चढवली. उजवी चढवली.
ग्राइंडर चालू होता, उस्तादने बंद केला,
का, ते त्यालाच ठाऊक.

बाईंचे ओठ हलत होते.
बराच वेळ. मधेच बोट उगारलं
शेजारच्या रिकाम्या सीटकडे.
आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही.
उस्तादला तर तसंही आलं नसतं,
पण तो म्हणाला, "काम बरोबर झालंय."

मग काच दोन बोटं खाली आली.
"बिल किती झालं?"