आणखी पाव फेरा

विट्याच्या पुढं, मायणी रस्त्याला,
गिअर टाकला की इंजिन आतल्या आत कूस बदलायचं.
इंदू म्हणाली, सातव्या महिन्यात वाटायचं तसं वाटतंय.
मी म्हणालो, रस्ता खराब आहे.
रस्ता चांगला होता.

दस्तगीर मुल्ला खड्ड्यात उतरला
आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.
मिस्त्री गप्प बसला की खर्च वाढतो.
मग खालूनच आवाज आला:
माउंटिंगचं तीनातलं दोन स्टड गेल्यात.
एकावर लोंबकाळत आलाय, आन् कन्याकुमारीला निघालाय म्हणं.

एकोणनव्वदची मॅटाडोर. आधी पाव वाहायची,
अजून दमट हवेत पत्र्याला खमिराचा वास येतो.
फंडाच्या पैशातून घेतली, फळ्या ठोकून पलंग केला,
पाण्याचा कॅन, दोन ताटं, वातीचा स्टोव्ह,
पडदे इंदूच्या विरलेल्या इरकलीचे.
वर्षभरात आम्ही गाठलं औदुंबर, दोनदा,
आणि आता विटा.

पहिला स्टड नखभर वर होता.
त्यावर नट ठेवून वेल्डिंगचा टाका मारला,
निवू दिलं, पाना लावला,
कुरकुरत का होईना, आला.
दुसरा ब्लॉकच्या आत तुटलेला, धरायला काही नाही.
डिझेल पाजलं. रॉकेल पाजलं. आम्ही चहा प्यालो.
हातोडीनं टिचक्या दिल्या.
नाही.

शेजारून भानुदास देवकर आले,
अठ्ठावीस वर्षं सिलिगुडीत सोनं गाळून परतलेले,
बनियनवर, हातात अडकित्ता.
त्यांनी गॅसची ज्योत बारीक करून घेतली
आणि लोखंडाकडं बघत बसले
उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तसे.
थांब. अजून गवती हाय.
थांब.
सुपारी आली.
जांभूळ आलं. बस्स, काढ ज्योत.

मग पंच, बरोब्बर मध्यावर. मग पाचाचं ड्रिल.
मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर,
आणि दस्तगीरचा श्वास थांबलेला
कारण हा आत तुटला तर ड्रिलही शिरत नाही.
टक्.
सुटला.

तळहातावर तुकडा घेऊन त्यानं मला दाखवला.
ह्यो अर्धा काळा बगा, जुना तडा.
ह्यो अर्धा चकचकीत, कालचा.
कुणीतरी पान्याला पाईप घालून आवळलंय, सायेब.
ज्याला त्यातलं कळत न्हाई आसल्या माणसानं.

एकतीस वर्षं तासगावच्या हायस्कुलात टेक्निकल शिकवलं मी.
व्हर्नियरचा शून्यदोष, फळ्यावर, रंगीत खडूनं.
मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी
पोरांच्या बोटांवर पट्टी मारली.
आणि त्या रविवारी अंगणात
नळाचा दोन फुटी तुकडा पान्यात घालून
वर पाय देऊन उभा राहिलो:
आणखी पाव फेरा, म्हणजे निर्धास्त.
इंदू पायरीवर पावटा सोलत होती.

मी म्हणालो, आधीचा मालक असेल.
पाववाला.

बॅटरी इंदूच्या हातात होती.
तिनं ती ब्लॉकवरून उचलली,
सावकाश माझ्या तोंडावर आणली,
जराशी ठेवली,
परत भोकावर नेली.
त्यांना दिसायला हवं ना, म्हणाली.

आटे साफ केले, नवे स्टड बोटांनीच आत गेले.
वर नट. आखूड पाना, एका मनगटाचं जोर,
आणि दस्तगीर थांबला.
सवयीनं माझ्या तोंडून गेलं, आणखी थोडं?
त्यानं पाना माझ्याकडं केला.
मी तो पुसून खोक्यात ठेवला.

दिवेलागणीला निघालो. गिअर टाकला.
इंजिन जागच्या जागी.
मायणीपर्यंत कुणी बोललं नाही.
मग मी म्हणालो, तो पाईप गाडीतच आहे. गादीखाली.
माहीत आहे, इंदू म्हणाली,
माझ्या बाजूला आहे. रोज पाठीत रुततो.