उरलेले पंचवीस

शंभरातले पंचाहत्तर अर्ज
चौदा महिन्यांत निकाली, असं लिहिलंय.
माझा सतरावा चालू आहे.

"म्हणजे नेमकं कधी?" नाना विचारतात.
चाळीस वर्षं मागावर गेली त्यांची;
चादर कधी उतरणार
हे खटखटीवरून सांगायचे.

पुण्यात काढलेल्या एक्स-रेची मुदत संपली.
पुन्हा काढला. छाती तीच.
संसार खरा असल्याचे पुरावे मागितले:
फोटो, बिलं, रात्रीचे कॉल.
भांडणंही जोडली मी, तारखेनिशी.

गड्ड्याच्या वेळी शेंगाचटणी आणून ठेवलेली,
अंबादाससाठी, मेलबर्नला न्यायला.
काल नानांनी डबा फोडला,
कडक भाकरीवर चिमूटभर घेतली,
म्हणाले, खवट व्हायच्या आत संपवू.

मग, हात झटकत:
डबा तेवढा धुऊन ठेव.