चतुःसीमा

पूर्वेस निखारे यांचं घर, पश्चिमेस म्युनिसिपालिटीचा रस्ता,
उत्तरेस नाली, दक्षिणेस बोळ.
"बरोबर?" गोतमारे वकील चष्म्यावरून विचारतात.
बरोबर.
मधे काय होतं ते कुठल्याच परिच्छेदात बसत नाही:
मागाचा खड्डा, ज्यात बाबांचे पाय
चाळीस वर्षं गुडघ्यापर्यंत उतरलेले,
आणि माग भंगारात गेल्यावर
त्याच बुजवलेल्या जागी ठेवलेला दिवाकरचा फ्रीज,
जो अजून एका अंगाला कलतो.

मी वनमाला. आता वादी.
दिवाकर, ज्याला कडेवर घेऊन
मी गांजाखेतच्या दवाखान्यात डोस पाजून आणला,
प्रतिवादी क्रमांक एक.
बाबा, मयत.

"वादास कारण कधी घडलं?"
मृत्युपत्राची नक्कल हाती आली तेव्हा. सात मार्च.
ते तारीख लिहून घेतात.
तेराव्याला वहिनीनं माझं पान
पाहुण्यांच्या पंगतीत मांडलं होतं,
हे मी सांगत नाही.

खाली लिंबाच्या झाडाशी टायपिस्ट डोंगरवार,
एप्रिलची झळ, कीबोर्डवर ओला दुपट्टा झटकलेला.
मी सांगते, तो बडवतो:
सदर तारखेस मयत हे मेयो इस्पितळात दाखल असून
उजव्या हातास सलाइन लावलेले होते.
पेज मी चमच्यानं भरवत होते, हेही टाकू का?
"टाका नं बाई, काहून नाही?
वकीलसाहेब कापतीलच."
साहेबांनी कापलं.

स्टॅम्पच्या खिडकीकडे वळले तर म्हणाले,
तुम्ही बाई आहात, कोर्ट फी माफ.
बाई म्हणून इतक्या वर्षांत
पहिल्यांदाच काही माफ झालं.

"आता सहीचा नमुना. जुना, वडिलांच्या हातचा, निर्विवाद."
घरी ट्रंक उपसली.
रेशन कार्डावर अंगठा, सोसायटीच्या पावत्या वाळवीनं खाल्लेल्या,
आणि तळाशी माझं आठवीचं प्रगतिपुस्तक.
गणितात एकोणीस.
पालकांची सही: न. डो. हेडाऊ.
खाली एक तिरपी रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

बाबांनी कधीच रेघ मारली नाही.
सही करताना ते श्वास धरायचे,
हेडाऊतला ऊ कागदाबाहेर पडेल असं वाटायचं त्यांना.
रेघ माझी. टिंबं माझी.
बाप जरा साहेबासारखा दिसावा म्हणून.
दिवाकर चौथीत नापास झाला तेव्हा
मागच्या अंगणात काडीनं मातीत गिरवून
मीच त्याला शिकवली होती,
"हात उचलू नको, टिंबं शेवटी."

मृत्युपत्राची नक्कल शेजारी ठेवली.
पान चार, साक्षीदारांच्या वर:
रेघ. दोन टिंबं.
हात कुठंच उचललेला नाही.

ट्यूबलाइटखाली बराच वेळ बसून होते.
खोटी आहे हे मला आता शपथेवर माहीत होतं,
आणि ज्यावरून माहीत होतं
ते निशाणी म्हणून लावता येत नव्हतं.
दिवाकरला फोन लावला, एक रिंग, कापला.
लगेच त्याचा आला. मी उचलला नाही.

"नमुना मिळाला?"
नाही, साहेब. बँकेतून मागवू.
पर्समध्ये प्रगतिपुस्तक.
त्याचा कोपरा पाकिटाला टोचत होता.

वरील संपूर्ण मजकूर माझ्या माहितीप्रमाणे
खरा व बरोबर असून
तो मी आज रोजी नागपूर मुक्कामी सत्यापित करते.
अकरा पानं. प्रत्येक पानावर सही.
व. रा. नंदनवार, व. रा. नंदनवार,
पेन घामानं घसरत होता,
पंख्याखाली कागदांवर पेपरवेट, शिळा पेपर, कुणाचा तरी डबा.
नवव्या पानावर हात आपसूक
पुढे गेला, तिरपा,
आणि खाली दोनदा टेकला.

गोतमारेंनी पान उजेडात धरलं.
"सही सगळ्या पानांवर सारखी पाहिजे, बाई.
हे पान पुन्हा काढा."