तेविसावा प्रयोग

खिडकीपाशी मी बसतो. समोर प्लॅन, हातात निळी पेन्सिल.
खुर्ची विकली की फुली.
आज एकसष्ट.
खुर्च्या सातशे दहा.
ओहोटीच्या चिखलावर चारदोन कुर्ल्या
इकडेतिकडे पांगाव्यात, तसा दिसतो कागद.

आंब्याच्या दोन हंगामांचे पैसे
तिरोडकरांनी या संगीत नाटकात ओतले,
म्हणजे गलबतात ओतले.
खरं गलबत. प्लायवूडचं नव्हे.
धाकू मेस्त्रींनी खाडीकाठच्या मांगरात
फळीला फळी सांधून, फटींत काथ्या आणि राळ ठासून
बत्तीस फूट उभं केलं.
देवगडच्या नाट्यगृहात आणलं त्या दिवशी
डोलकाठी वरच्या दिव्यांना लागली.
दीड हात कापावी लागली.
तो तुकडा आता आबा वझरकरांच्या
डुगडुगत्या ऑर्गनखाली टेकू म्हणून आहे.

गाणी चोवीस, गाणारे अकरा,
ढकलणारे सोळा.
गाण्यांपेक्षा ढकलणाऱ्यांचा भत्ता जास्त.

दुसऱ्या अंकात तारू बुडाल्याची बातमी येते
आणि हेमांगी पराडकर भीमपलास सुरू करते.
तेव्हा मी खिडकी लावून नोटा मोजत असतो.
माझा हिशेब फक्त तिथेच चुकतो.
साठ नोटा असल्या तरी.

मागच्या दाराशी चहा घेताना रोज तेच.
कापा, दिग्दर्शक म्हणतो, तीन तुकडे करा,
फोंडा घाटाच्या वळणावर ट्रक अडला
म्हणून कोल्हापूरचे दोन प्रयोग गेले.
नाहीतर पडद्यावर दाखवू, समुद्रासकट.
तिरोडकर म्हणतात, लोक गलबतासाठी येतात.
मी बशीत बघतो.
खिडकीत लोक काय विचारतात, ते मला ठाऊक आहे:
एसी चालू आहे का.
सुटल्यावर कुणकेश्वरची गाडी मिळेल का.

मेस्त्री या वादात नसतात.
रात्री पडदा पडला की नळावरून बादल्या आणून
ते गलबताला आंघोळ घालतात.
व्यवस्थापक ओरडतो, मंच कुजेल, वायरी आहेत!
‘सुक्याक ठेवलास तर सांधे सुटतत,’ ते म्हणतात,
‘ह्याका पाणी व्हया.’

एक म्हातारा मात्र तीनदा आला.
कोयंडे. शेवटची रांग, चौदा नंबर, सगळ्यात स्वस्त.
तिसऱ्यांदा मी विचारलं, आजोबा, आवडलंय वाटतं?
‘शीड उलटा बांधल्यानी,’ तो म्हणाला.
‘गाण्यात वारो उत्तरेचो,
नि गलबत चलता वाऱ्याच्याच तोंडार.
दुसऱ्या अंकात बुडतलाच. दुसरा काय होतला?’
सुधारलं का बघायला तो येत होता,
दर वेळी शंभर रुपये मोडून.

मी मेस्त्रींना सांगितलं.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
विडी विझवली, कानामागे ठेवली,
वर चढले आणि दोर सोडायला लागले.
कुणाला विचारलं नाही.

आज शीड बरोबर होतं.
हेमांगी विंगेतून आली, सवयीने डावीकडे वळली,
तिथे कापड नव्हतं.
अर्धी मात्रा ती थांबली.
आबांनी एक सूर लांबवून धरला तेवढा वेळ,
मग तिने तान उजवीकडून घेतली.
समोरच्यांपैकी कुणाला कळलं असेल, असं वाटत नाही.
तिसऱ्या रांगेतलं पोर झोपलं होतं.

एकसष्ट म्हणालो. खरं तर साठ.
चौदा नंबरवरची फुली माझी आहे, पैसे माझे.
तिसऱ्या घंटेपर्यंत मी वाट पाहिली,
मग नांदी संपेपर्यंत.
समुद्रावर गेला असेल. आजारी असेल.
किंवा तीन वेळा पुरे वाटलं असेल.

तिरोडकर आत आले, प्लॅन उचलला,
उलटा धरला, परत ठेवला.
‘चोविसावा लावायचा?’
मला विचारत होते की कागदाला, कळलं नाही.

वर मंचावर बादली ओतल्याचा आवाज.
थोड्या वेळाने दुसरी.