टाचा

सकाळपासून गिअर तिसराच.
बदलायला कारणच आलं नाही.
डावीकडे पो नदी, उजवीकडे बिटाची शेतं,
आणि शेतं नदीपेक्षा खाली,
हे कळायला मला पंधरा किलोमीटर लागले.

बांधावर गाड्यांना बंदी.
एक बगळा. एक ट्रॅक्टर, इतका लांब
की चालतोय की नुसता उभा आहे, सांगता येत नाही.
चेन कुरकुरते.
सपाटीवर आपलाच आवाज फार ऐकू येतो.

पंपघराशेजारी निवेस खरबुजं विकते.
काटा आहे, पण तोलते हातानंच :
"हे आज खा. हे उद्या."
बाटली भरून देताना दाखवते
भिंतीवरची तपकिरी रेघ.
इथवर नदी आली होती, तिच्या आईच्या वेळी.
रेघेखाली पेन्सिलच्या खुणा,
लोरिस सहा वर्षांचा, लोरिस नऊ,
चौदाव्या वर्षी लोरिस पाण्याच्या वर निघाला
त्या दिवशी तिनं बदक रांधलं.
आता तो तुरिनला असतो, चौथ्या मजल्यावर.

"उभा राहा," ती म्हणते.
मी भिंतीला पाठ लावतो.
नदी माझ्या नाकाखाली.
"टाचा टेकव."
नदी भुवयांशी.

पुढे पुन्हा बांध, पॉप्लरची रांग,
संपते, परत सुरू होते.
मागच्या पिशवीत उद्याचं खरबूज
दर खड्ड्याला एकदा बोलतं.

खाली गवत मऊ होतं, वाराही नव्हता.
तंबू मी बांधावरच लावला.
रात्रभर फडफडत होता.